कमी पर्सेंटाइलवर पुण्यात ‘पक्की सीट’ : टोकन देण्याआधी हे वाचा

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की लातूर, नांदेड, बीड, परभणीकडच्या पालकांना फोन सुरू होतात. पोराचं नाव, पर्सेंटाइल, बारावीचे मार्क समोरच्याला आधीच माहीत असतात. “काळजी करू नका काका, मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची सीट करून देतो. टोकन टाका, काम नाही झालं तर पैसे परत.”

फसवणूक या शेवटच्या वाक्यातच आहे. असं टोकन, म्हणजे आगाऊ रक्कम, एजंट अनेकांकडून घेतो आणि करत काहीच नाही. कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेऱ्यांत कमी मागणीच्या जागा उरतात, तिथे काही पोरांचा नंबर स्वतःच्याच मार्कांवर लागतो. त्यांचे पैसे तो ठेवतो आणि पुढच्या वर्षी त्यांचीच नावं सांगून नवे पालक गाठतो. बाकीचे पालक पेरणीसाठी ठेवलेल्या पैशांसाठी त्याच्या मागे फिरत राहतात आणि तोवर प्रवेशाची मुदत संपते.

कोटा मात्र खरा आहे. खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांत 20 टक्क्यांपर्यंत जागा संस्था स्तरावर भरतात. त्याही जाहिरात देऊन, अर्ज मागवून, गुणवत्ता यादी लावूनच भरायच्या असतात. तो प्रवेश पोर्टलवर चढवावा लागतो आणि त्याला प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. अर्ज आपण स्वतः करू शकतो, मधल्या माणसाची गरजच नाही. एजंट एक गोष्ट कधी सांगत नाही: या जागांवर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची शुल्क सवलत मिळत नाही. ओबीसी किंवा ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) सवलतीच्या भरवशावर असलेल्या घराला चारही वर्षं पूर्ण फी भरावी लागते. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. त्यावर मागितलेलं डोनेशन घेणं 1987 च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे.

टोकनपेक्षा मोठं नुकसान लॉगिन दिल्याने होतं. “फॉर्म आम्हीच भरतो” म्हणून पासवर्ड आणि ओटीपी घेतात, आणि विकल्प अर्जात (कॉलेजांच्या पसंतीक्रमाच्या यादीत) पहिल्या क्रमांकावर कमिशन देणारं कॉलेज टाकतात. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली की ती जागा आपोआप पक्की होते. पुढच्या फेरीत बदलता येत नाही. चांगलं कॉलेज मिळू शकणारी पोरंही अशी अडकतात. म्हणून विकल्प मुलाने स्वतः भरावेत. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या (परीक्षा आणि प्रवेश बघणाऱ्या राज्याच्या कक्षाच्या) संकेतस्थळावर असतात, ते शाखा आणि प्रवर्ग बघून तपासावेत. अडलं तर सुविधा केंद्रावर विचारावं. मूळ टीसी आणि मार्कमेमो कुणाच्याही ताब्यात देऊ नयेत; उरलेले पैसे वसूल करायला तेच अडकवून ठेवतात. लेटरहेडवरच्या ‘प्रोव्हिजनल’ पत्राला अर्थ नाही. कॅपचं जागावाटप मुलाच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसतं, तिथे नसेल तर ते झालेलं नाही.

मेडिकलमध्ये रकमा लाखांच्या घरात जातात. नीटमध्ये अपात्र ठरलेल्याला कोणत्याही कोट्यातून एमबीबीएस मिळत नाही. खासगी कॉलेजांच्या संस्था कोट्याच्या जागाही सीईटी सेलमार्फतच भरतात. “मराठवाड्याच्या कोट्यातून करू” हेही खोटं. 70 टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना आणि 30 टक्के बाकी राज्याला, हे 70:30 चं प्रादेशिक आरक्षण 2020 मध्येच रद्द झालं.

पैसे गेले असतील तर गप्प बसू नका. ऑनलाइन दिले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणं अवघड. व्हॉट्सअॅपवरचे मेसेज पुसू नका. यूपीआयच्या नोंदी आणि बँकेचा उतारा घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली तक्रार द्या.

मार्क खरंच कमी असतील तर सरळ रस्ताही आहे. बारावी सायन्स झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सीईटी लागत नाही, डिप्लोमाचे मार्क बघतात. तेही अर्ज ऑनलाइन आणि स्वतःच भरायचे असतात.