‘सर्व द्विदल चारापिकांसाठी’ म्हणून मिळणारे रायझोबियम संवर्धक : लसूणघासाला लाभले, बरसीमला नाही

लसूणघास आणि बरसीम या दोन्ही चारापिकांच्या बीजप्रक्रियेसाठी मी या हंगामात एकच रायझोबियम जिवाणू संवर्धक वापरले; हे जिवाणू द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी करून त्यांत हवेतले नत्र पिकासाठी स्थिर करतात. त्याच्या पाकिटावर ‘सर्व द्विदल चारापिकांसाठी उपयुक्त’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते, आणि माझी तक्रार नेमकी त्याच ओळीविषयी आहे.

माल म्हणून पाहिले तर खोट काढण्यासारखे काही नव्हते. जिवाणू ज्यात मिसळलेले असतात ती पीटची (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची) भुकटी काळी, ओलसर आणि भुसभुशीत होती, वापरण्याची मुदत शिल्लक होती आणि डिंकाच्या पातळ द्रावणात कालवल्यावर ती बियाण्यावर एकसारखी बसली. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरले. दोन्ही पिकांचा एकेक पट्टा मात्र मुद्दाम प्रक्रियेविना ठेवला, कारण तुलनेला काही नसेल तर अशा मालाविषयी खात्रीने बोलता येत नाही.

सातव्या आठवड्यात काही रोपे खुरप्याने मातीच्या ढेकळासकट उचलली आणि मुळे बादलीभर पाण्यात हलकेच धुतली. रोप उपटले तर गाठी मातीतच तुटून राहतात. प्रक्रिया केलेल्या लसूणघासाच्या मुळांवर, वरच्या भागातच, लांबट आणि बोटांसारखे फाटे फुटलेल्या गाठींचे झुबके होते, जे शेजारच्या पट्ट्यात क्वचितच सापडले. ब्लेडने कापल्यावर त्या आतून गर्द गुलाबी निघाल्या. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो. ते द्रव्य नत्र स्थिर करणाऱ्या नायट्रोजिनेज विकराला मुक्त ऑक्सिजनपासून जपते, म्हणून गुलाबी गाठ ही कामाला लागलेली गाठ समजावी. बरसीमच्या मुळांवरही गाठी होत्या, पण मोहरीहून बारीक, इकडेतिकडे विखुरलेल्या आणि कापल्यावर पांढुरक्या. बरसीमच्या दोन्ही पट्ट्यांत पाने सारखीच पिवळट होती.

याचे कारण या जिवाणूंच्या वैविध्यात आहे. लसूणघास आणि मेथी यांच्या मुळांवर सायनोरायझोबियम मेलिलोटी गाठी करतो, तर बरसीम ज्या क्लोव्हरच्या कुळातले आहे त्याला रायझोबियम लेग्युमिनोसारमचा ट्रायफोली हा प्रकार लागतो. मूळ जे फ्लॅव्होनॉइड (वनस्पतीत तयार होणारी संकेतद्रव्ये) मातीत सोडते ते ओळखून जिवाणूने योग्य रचनेचा संकेतरेणू परत पाठवला, तरच त्याला मुळात प्रवेश मिळतो. त्यामुळे पाकिटातला जिवाणू बरसीमच्या दृष्टीने परकाच होता, आणि तिथे दिसलेल्या गाठी मातीत आधीपासून असलेल्या, फारसे नत्र न देणाऱ्या वाणांच्या (एकाच जिवाणूच्या वेगवेगळ्या उपप्रकारांच्या) असाव्यात असे माझे मत आहे. क्लोव्हरमध्ये तर एका जातीवर उत्तम काम करणारा वाण दुसऱ्या जातीवर नुसत्या निकामी गाठी करतो, असेही घडते. तेव्हा जिवाणूचे नाव जुळले म्हणून भागत नाही, वाणही जुळावा लागतो.

शिवाय हे वैविध्य स्थिर नसते. सायनोरायझोबियम मेलिलोटीचा जीनोम (संपूर्ण जनुकसंच) 2001 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा एका गुणसूत्राबरोबर दोन प्रचंड प्लाझमिडे (गुणसूत्राबाहेरची डीएनएची कडी) असल्याचे तपशीलवार समोर आले. गाठी घडवणारी जनुके त्यांपैकी एकावर असतात. न्यूझीलंडमध्ये लोटस या चाऱ्याच्या शेतात मेसोरायझोबियम या गाठी करणाऱ्या दुसऱ्या जिवाणूचा एक वाण घातला होता, तेव्हा त्याच्या गुणसूत्रावरचे सुमारे 5 लाख बेसजोड्यांचे (डीएनएच्या दुव्यांचे) जनुकबेट, म्हणजे गाठी करण्याच्या जनुकांचा एकत्र हलणारा गट, तिथल्या स्थानिक जिवाणूंमध्ये गेले आणि पूर्वी गाठी न करणारे जिवाणू गाठी करू लागले. म्हणजे शेतात आज टाकलेला वाण काही वर्षांनी मुळांवर तोच सापडेल, असे गृहीत धरता येत नाही.

या पाकिटावर वाणाचा क्रमांक नाही आणि कोणत्या पिकावर तो तपासला हेही लिहिलेले नाही. उत्पादकाला पत्राने विचारले, तर ‘सर्व द्विदलांना चालते’ एवढेच उत्तर आले. जो शेतकरी चाऱ्यातल्या नत्रासाठी या भुकटीवर विसंबून राहतो त्याला हे उत्तर पुरेसे नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण आतला माल चांगला आहे. लसूणघासासाठी मी हे संवर्धक पुन्हा घेईन. बरसीमसाठी क्लोव्हरच्या वाणाचे, क्रमांक छापलेले पाकीट मिळेपर्यंत थांबेन.