गिरणीतली विलायती ऐरण : ४२ हजारांना पडलेलं बीड

जुनी ऐरण विकत घ्यायला निघाला असाल तर खिशात बेअरिंगची एक गोळी ठेवा. कुठलाही गॅरेजवाला फुकट देईल. ती गोळी ऐरणीच्या तोंडावर, म्हणजे वरच्या सपाट भागावर, सोडायला विकणारा आडकाठी करू लागला तर पैसे बाहेर काढू नका. मग ऐरण गिरणीतली असो, रेल्वेच्या कारखान्यातली असो की राणीच्या वाड्यातली.

आम्ही काही हौशी मंडळी रविवारी चिंचवडच्या पुढे एका मित्राच्या शेडमध्ये भट्टी पेटवतो. कुणाचाच हा पिढीजात धंदा नाही. मी बँकेत आहे, एक जण दातांचा डॉक्टर आहे, एक जण शाळेत चित्रकला शिकवतो. जो तो आपापलं काम घेऊन येतो आणि चहाच्या वेळी ते सगळ्यांपुढे ठेवतो. डॉक्टरांचा अडकित्ता कैक महिने चालू आहे, त्याची खीळ त्यांच्या मनासारखी बसत नाही. सर कमानपाट्याच्या तुकड्यातून विळीचं पातं काढत होते. मी कोकणातल्या घराच्या दारासाठी कडी-कोयंडा आणि लांब पट्ट्यांच्या बिजागऱ्या करत होते. बिजागरीचा डोळा वळवायला गोल शिंग, म्हणजे ऐरणीचं निमुळतं टोक, लागतं आणि आमच्याकडे होता तो नुसता पोलादाचा चौकोनी ठोकळा. पाइपच्या तुकड्यावर वळवून वळवून मी वैतागले होते आणि ते चारचौघांत बोलूनही दाखवत होते.

हे सगळं ऐकायला तो माणूस तिथे बसलेला असायचा.

कुणाच्या तरी ओळखीने आला. स्वतः घण उचलायचा नाही, पण जाण असल्यासारखं बोलायचा. प्रत्येकाच्या कामाचे फोटो काढायचा, मनापासून वाटेल अशी दाद द्यायचा, येताना भजी आणायचा. काय बनतंय, कुठे अडलंय, काय मिळत नाही, हे आम्ही आपणहूनच त्याला सांगत होतो. मग एकेकाला बाजूला घेऊन, ज्याला जे हवं तेच त्याच्याकडे निघू लागलं. सरांना 'ईएन ४५'च्या, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाच्या, कोऱ्या पट्ट्या. सुऱ्या करणाऱ्या एका मुलाला 'ईएन ३१'चे, म्हणजे बेअरिंगच्या पोलादाचे, गज. मला शिंगाची विलायती ऐरण.

ऐरणीची कथा अशी. मुंबईत १९८२चा संप झाला, पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, यंत्रं भंगारात गेली. प्रत्येक गिरणीचा स्वतःचा दुरुस्तीचा विभाग असायचा, तिथे लोहारकाम चालायचं. अशाच एका गिरणीतली ऐरण दारूखान्याच्या भंगारबाजारात गेली, तिथून त्याच्या मामेसासऱ्यांकडे आली आणि तेव्हापासून पडून आहे. या कथेतला संप खरा, गिरण्या खऱ्या, त्यांचे दुरुस्ती विभाग खरे, दारूखान्याचा भंगारबाजार खरा. खोटी होती फक्त ऐरण. अशा लोकांचं हे कसब मानायलाच हवं : नव्वद टक्के माल खरा वापरतात.

फोटोत बाजूला खोलगट आकडे दिसत होते : १-१-१०. "एकशे दहा किलो आहे मॅडम, आकडा मारलाय कंपनीनेच." सोबत एक व्हिडिओ. हातोडी पडते, टण्णकन घंटेसारखा नाद घुमतो, हातोडी आपोआप उसळते. भाव ४२ हजार. वर दबक्या आवाजात, "तुमचं काम बघितलंय म्हणून या भावात. बाकीच्यांना बोलू नका, डॉक्टरसाहेब मागे लागलेत."

आता तो आकडा. जुन्या इंग्लिश ऐरणींवर वजन हंड्रेडवेटमध्ये मारलेलं असतं. पहिला आकडा हंड्रेडवेट, म्हणजे ११२ पाउंडांचा. दुसरा त्याच्या चौथाईचा, २८ पाउंडांचा. तो तीनच्या वर कधीच जात नाही. तिसरा सुटे पाउंड. म्हणजे १-१-१० याचा हिशोब ११२ अधिक २८ अधिक १०, एकूण १५० पाउंड, साधारण ६८ किलो. बनावट माल करणाऱ्याने कुठल्या तरी अस्सल ऐरणीच्या फोटोवरून आकडे उतरवले आणि विकणाऱ्याने ते सरळ एकशे दहा असे वाचले. ऐरण खरी असती तरी मला ४२ किलो कमीच मिळाले असते! भंगारवाल्याच्या काट्यावर प्रत्यक्ष भरली ६३ किलो.

वीस हजार आगाऊ गेले. ऐरण आली ती दिवेलागणीला, टेंपोतून, बाभळीच्या ओंडक्यावर लोखंडी पट्ट्यांनी करकचून आवळलेली. अंगभर काळा रंग, तोंडावर बोटभर ग्रीस. हातोडी मारली तर 'ठप्प'. लगेच फोनवर खुलासा : "ओंडक्याला आवळली की आवाज मरतो मॅडम, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मुद्दाम बांधून दिली." हेही खरंच आहे. लोहार ऐरणीला साखळी गुंडाळतात ती नाद कमी करायलाच. टेंपोवाला घाईत, पुढे चाकणला माल टाकायचा होता, उरलेले पैसे मिळाल्याशिवाय फळी खाली करेना. पैसे गेले.

रविवारी ग्रीस पुसून पहिला गज तापवला. शिंगावर डोळा वळवताना एक घाव थोडा कडेला बसला आणि तोंडाच्या कोपऱ्याची कपची उडून सरांच्या बुटाजवळ पडली. पोलादी ऐरणीची कडही कधी कधी उडते, त्यामुळे त्याच क्षणी खात्री झाली नाही. पण उडालेल्या जागेचा पोत करडा आणि खरबरीत होता, साखर सांडावी तसा.

तळेगावजवळचे एक वयस्कर लोहार आम्हाला अधूनमधून शिकवायला येतात. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. त्यांनी कपची बोटांत फिरवली आणि म्हणाले, "ताई, हे बीड हाय. बिडाच्या तव्याचं असतंय तसलंच. ह्याच्यावर काय घडवणार तुमी, घावनं?" बीड म्हणजे ओतीव, ठिसूळ लोखंड. मग मामा त्या शिंगाकडे बघून, "आन् शिंगं बैलाला शोभत्यात. माझ्या बापानं बिनशिंगाच्या ऐरणीवर अख्ख्या गावाची औतं केली." मामांची स्वतःची ऐरण मुठीएवढ्या तोंडाची आहे, जमिनीत पुरलेल्या लाकडात बसवलेली. माझ्या बिजागऱ्यांचे डोळे त्यांनी त्या मुठीएवढ्या तोंडाच्या कडेवर वळवून दाखवले. असो.

मामांचं ऐकल्यावर आम्ही एकेक तपासणी केली. त्या इथे नीट सांगते, कारण यातली एकही महाग नाही.

गोळी आधी. दहा इंचांवरून सोडलेली बेअरिंगची गोळी चांगल्या पोलादी तोंडावरून सात-आठ इंच तरी वर येते. आमची तीनच्या आसपास येऊन थंड झाली. आवाजावर विसंबू नका. फिशर नावाच्या अमेरिकन ऐरणी अंगाने बिडाच्या आणि तोंडाने पोलादी असत, त्या वाजत नाहीत, पण गोळी मात्र झकास उसळवतात. गोळी तोंडावर चार-सहा ठिकाणी टाकून बघा, कारण बिडावर वेल्डिंगचा थर चढवून घासलेली तोंडंही बाजारात आहेत आणि त्यांच्यावर उसळी जागोजागी बदलते.

मग ग्राइंडर. खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, क्षणभर टेकवायचा. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर, चाकाजवळच विझतात. पोलादाच्या लांब, उजळ, टोकाला फुटणाऱ्या. जितका कार्बन जास्त तितकी फुलं जास्त. ड्रिल लावू दिलं तर त्याहून सोपं : पोलादाची वेटोळी निघतात, बिडाचा काळा भुगा. माझ्याकडे त्या भुग्याची पुडी आहे, तक्रारीला जोडलेली. लोहचुंबक मात्र इथे कामाचं नाही, बीड आणि पोलाद दोन्ही त्याला धरतात. तो फोनवर "चुंबक लावून बघा ना मॅडम" असं पुन्हापुन्हा का सांगत होता ते मला तेव्हा उमगलं.

आणि भोकं बघा. घडीव इंग्लिश ऐरण भट्टीत हलवायला कमरेला पुढेमागे आणि तळाला चौकोनी भोकं ठेवलेली असत, त्यांत गज घालून ते धूड फिरवायचे. तोंडावरच्या चौकोनी आणि गोल भोकांबद्दल मी बोलत नाही, ती ओतीव नकलेतही असतात. माझ्या 'विलायती'ला कमरेचं आणि तळाचं, एकही भोक नव्हतं. रंग खरवडल्यावर शिंगाखाली साच्याच्या जोडाची रेघ निघाली आणि आकड्यांच्या आत वाळूचा खरखरीतपणा. ठशाने मारलेल्या आकड्याची कड धारदार असते, ओतून आलेल्याची बसकी.

सरांची गोष्ट माझ्याहून वाईट, कारण त्यांची मेहनत गेली. विळीचं दुसरं पातं त्यांनी त्या 'ईएन ४५'च्या पट्टीतून काढलं होतं. घडवून, घासून, आकार देऊन झाला आणि शेवटी पाणी द्यायची, म्हणजे तापवून बुडवून पातं कडक करायची, वेळ आली. लाल करून तेलात बुडवलं, कानस लावली, तर कानस चावली. पुन्हा तापवलं, पुन्हा तेच. पाणी चढलेल्या पोलादावरून कानस घसरते. ही साधी एमएसची, म्हणजे मऊ पोलादाची, पट्टी होती, टोकाला रंगाचा पट्टा मारून 'ईएन' झालेली. पट्टी आली की आधी बोटभर तुकडा कापा, चुंबकाला धरेनासा होईपर्यंत तापवा, तेलात बुडवा, थंड झाला की व्हाइसमध्ये धरून हातोडी मारा. स्प्रिंगचं पोलाद काचेसारखं तुटतं, एमएस नुसतं वाकतं. चुंबकाचा खरा उपयोग इथे, तापवताना. काळजी एवढीच की तुकडा उडतो, डोळ्यांवर चष्मा हवा.

हे सगळं उघडं पडल्यावर शेडमध्ये पहिल्यांदाच पैशांच्या गोष्टी निघाल्या. डॉक्टर ऐरणीच्या मागे कधीच नव्हते. उलट त्यांना सांगितलं होतं की मॅडमनी ऐरण घेतली आणि त्या खूश आहेत. ते माझी ऐरण यायच्या आधी. त्यांनी त्या जोरावर एका व्हाइससाठी आगाऊ रक्कम दिली होती. सरांना सुऱ्यावाल्या मुलाचं नाव सांगितलं होतं, त्या मुलाला सरांचं. प्रत्येकाला खास भाव आणि प्रत्येकाला तोंडाला कुलूप. कोळसा कुठला, ब्लोअरची मोटर केवढी, पाणी कशात द्यायचं, यावर तासन्‌तास वाद घालणारी आम्ही माणसं, पण कोण काय भावाने घेतंय हे विचारणं आम्हाला अशिष्ट वाटायचं. त्याचं सगळं दुकान त्या संकोचावर चाललं होतं. आता शेडच्या भिंतीला फळा आहे. कुणी काहीही घेणार असेल तर वस्तू, भाव आणि विकणारा आधी फळ्यावर येतो. डॉक्टरांना हे अजूनही थोडं चमत्कारिक वाटतं.

मी फोन केला तेव्हा तो चिडला नाही. "शंभर टक्के बदलून देतो मॅडम, वखारीतून चुकीची उचलली गेली." फक्त क्रेन आणि वाहतुकीचे साडेसहा हजार आधी पाठवायचे, दुसरी ऐरण आली की परत मिळतील. हा दुसरा डाव नीट लक्षात ठेवा. बुडालेले पैसे सोडवायला आणखी पैसे मागितले की तिथेच थांबायचं. मी नाही म्हटल्यावर फोन लागायचा बंद झाला.

एक गोष्ट आमच्या नशिबाने टळली. सुऱ्यावाल्या मुलाला त्याने रेल्वेच्या रुळाचा तुकडाही स्वस्तात देऊ केला होता. रुळाचं पोलाद उत्तम, हौशी लोक त्याची ऐरण करतात, पण लिलावाच्या कागदाशिवाय रूळ जवळ सापडला तर १९६६च्या रेल्वे मालमत्तेच्या कायद्याखाली गुन्हा आपल्यावर येतो. पैसे बुडणं परवडलं.

तक्रारीचं म्हणाल तर ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल तितकं बरं, समोरच्याच्या खात्यातून रक्कम हलायच्या आत ती गोठवता येण्याची शक्यता असते. मी फोन केला तेव्हा खातं रिकामं होतं. चौकीत आधी "व्यवहार फिसकटलाय, दिवाणी मामला आहे" असं ऐकावं लागलं. आम्ही चौघांनी मिळून, एकाच माणसाने एकाच पद्धतीने केलेली फसवणूक म्हणून लेखी अर्ज दिला तेव्हा तो घेतला गेला. फसवणुकीचं कलम पूर्वी ४२० होतं, भारतीय न्याय संहितेत ते ३१८ आहे. ग्राहक आयोगाकडे जायचं तर २०१९च्या कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अडचण अशी की समोरचा माणूस हा धंदा म्हणूनच करतो हे दाखवावं लागतं आणि पावती आमच्यापैकी एकाकडेही नव्हती. आमच्या हाती बँकेच्या नोंदी, निरोप, काट्याची चिठ्ठी आणि भुग्याची पुडी. दिलेल्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस परत आली आहे. पुरावा म्हणून ऐरण ठेवावी लागते, त्यामुळे भंगारातही घालता येत नाही.

हे आत्ता लिहायचं कारण, गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका ओळखीच्या हौशी लोहाराने मला विचारलं की गिरणीतली विलायती ऐरण मिळतेय, घेऊ का? त्याला आलेला व्हिडिओ मी पाहिला. तोच आहे. मागे निळी ताडपत्री, डाव्या कोपऱ्यात हिरवा पाण्याचा ड्रम, आणि हातोडी चालवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. भाव आता ४८ हजार झालाय.