टेक्ससमधलं शाळाप्रवेश कार्यालय: काउंटरला पाच तारे, पोर्टलला एकच

डॅलसच्या उत्तरेकडे नव्याने राहायला येणाऱ्यांचा आपल्या लोकांच्या ग्रुपवर ठरलेला प्रश्न असतो: मुलांना पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी शाळेत घालायचंय, काय काय लागतं? दर जुलैत तेच तेच टाइप करून कंटाळा आला, म्हणून आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (आमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) प्रवेश कार्यालयाचा अनुभव एकदाच सविस्तर लिहून ठेवते. डिस्ट्रिक्टचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पोर्टलबद्दल मला बरंच वाईट बोलायचंय. मुख्य नियम टेक्ससभर तेच आहेत, त्यामुळे नाव नसलं तरी अडणार नाही.

तर आधी पोर्टल. पानभर माहिती भरून पुढे गेलं की ते तुम्हाला परत लॉगिनवर आणून सोडतं. लाइट बिलाचा फोटो चढत नाही, का चढत नाही तेही सांगत नाही. आपल्या पासपोर्टवर मुलाचं आणि वडिलांचं नाव एकाच ओळीत असतं, ते या पोर्टलने एकच नाव धरलं. शाळा सुरू झाल्यावर काही दिवस हजेरीत माझ्या लेकाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारत होते, आणि तो बिचारा "प्रेझेंट" म्हणत होता. एक तारा, तोही बंद पडल्यावर फोन नंबर दिसतो म्हणून. सरळ कार्यालयात जा.

मी गेले ती आपल्या सवयीप्रमाणे जाडजूड फाइल घेऊन. सगळ्यांचे पासपोर्ट, एच-४ चे (नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे बायकामुलांना मिळणाऱ्या व्हिसाचे) शिक्के, नवऱ्याचं आय-७९७ (मंजुरीचं पत्र), सगळ्यांचे आय-९४ (देशात कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद), वर रंगीत झेरॉक्स. काउंटरवरच्या बाईंनी फाइल आपल्याकडे ओढली आणि त्यातून लेकाचा जन्मदाखला, लीज, लाइट बिल, लसीकरणाचं पुस्तक आणि जुन्या शाळेचं प्रगतिपुस्तक एवढंच काढून घेतलं. ओळखपत्र म्हणून माझ्या पासपोर्टचं फोटोचं पान पाहिलं. बाकीचा गठ्ठा बोटाने माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, अहो, हा व्हिसा आहे मुलाचा. त्या म्हणाल्या, "हो, दिसलं. तेच आम्हाला नको." आय-७९७ सरकवण्याआधी त्यांनी ते पालथं घातलं, नजरेला पडू नये म्हणून.

सोशल सिक्युरिटी नंबरचा (अमेरिकी सरकारच्या ओळख-क्रमांकाचा) रकाना रिकामा ठेवला तरी चालतो. नंबर नसेल तर मुलाला 'एस'पासून सुरू होणारा राज्याचा पर्यायी क्रमांक मिळतो. आपल्या एच-४ वरच्या मुलांना सहसा तोच मिळतो. जन्मदाखला हाताशी नसेल तरी मुलाला परत पाठवत नाहीत, ओळखीचा पुरावा आणि जुन्या शाळेचे कागद द्यायला ३० दिवस असतात.

लसींच्या बाबतीत मात्र ढिलाई नाही, आणि आपण अडकतो ते तिथेच. पुस्तकात गोवर-गालगुंड-रुबेलाची तारीख होती ०५/११/२०१६. लेकाचा जन्म जुलै २०१५चा. आपल्या हिशेबाने ही ५ नोव्हेंबर, म्हणजे मूल सव्वा वर्षाचं. नर्सबाईंनी वाचलं ११ मे, म्हणजे दहाव्या महिन्यात, आणि पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला हा डोस इथे धरत नाहीत. त्या पुन्हा टोचायला निघाल्या होत्या. त्याच पानावर खाली एका लसीची तारीख २३/०२ अशी होती. ती दाखवल्यावर त्या हसल्या, कारण तेविसावा महिना त्यांच्याकडेही नसतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून सगळ्या तारखा महिन्याच्या नावासकट लिहून आणा, ही विनंती.

माझ्या पुढे एक बाई दोन मुलींना घेऊन उभ्या होत्या. स्पॅनिश बोलत होत्या, राहायला बहिणीकडे. लीज बहिणीच्या नावावर, लाइट बिलही तिच्याच. त्यांना एक प्रतिज्ञापत्र दिलं: बहिणीने सही करायची, नोटरी करून आणायचं. नोटरीसाठी बहिणीला कामावरून सुट्टी काढावी लागणार म्हणून त्यांचा चेहरा पडला. कार्यालयात नोटरी बसवायला काय जातं? बँकेत असतो, यूपीएस कुरिअरच्या दुकानात असतो, ज्यांना खरी गरज त्यांच्या काउंटरवर नाही. तेवढं सोडलं तर बाईंनी त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये, न कंटाळता बोलून काम केलं. त्या कुटुंबाकडे इमिग्रेशनचे कागद होते की नव्हते, मला माहीत नाही. काउंटरवरच्या बाईंनाही माहीत नाही, आणि नियमाने तसंच असायला हवं.

हा नियम आला तो टेक्ससमधूनच. १९७५ मध्ये इथल्या विधिमंडळाने कायदा केला की जी मुलं देशात कायदेशीर आलेली नाहीत त्यांच्या शिक्षणाला राज्याचा पैसा मिळणार नाही, आणि डिस्ट्रिक्ट त्यांना प्रवेश नाकारू शकेल. टायलर हे गाव आमच्यापासून गाडीने दोनेक तासांवर, गुलाबांसाठी प्रसिद्ध. तिथल्या डिस्ट्रिक्टने १९७७ पासून अशा मुलांना वर्षाला १,००० डॉलर फी लावली. शेतात नाहीतर कारखान्यात राबणारा बाप एवढे कुठून आणणार? चार कुटुंबं नाव न सांगता कोर्टात गेली. न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी सुनावणी पहाटे सहाला ठेवली, ही कुटुंबं लोकांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. तरी पकडलंच तर निघायची तयारी असावी म्हणून काहींनी सामान गाडीत भरून ठेवलं होतं. मुलं जिंकली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १५ जून १९८२ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल कायम राहिला. हाच 'प्लायलर विरुद्ध डो'. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिला: आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येत नाही, आणि घटनेची १४वी दुरुस्ती हद्दीतल्या प्रत्येक माणसाला समान संरक्षण देते. विरोधातले सरन्यायाधीश बर्गर यांचंही म्हणणं 'मुलांना हाकला' असं नव्हतं. मुलांना शाळा नाकारायचं हे धोरण शहाणपणाचं नाही, पण ते सुधारायचं काम संसदेचं आणि विधिमंडळाचं, कोर्टाचं नव्हे, असा त्यांचा रोख होता. ज्यांच्या नावाने खटला ओळखला जातो ते टायलरच्या डिस्ट्रिक्टचे प्रमुख (सुपरिंटेंडेंट) प्लायलर पुढे स्वतःच म्हणाले की हरलो ते बरं झालं.

हे ग्रुपवर टाकलं आणि जी जुंपली ती विचारू नका. "आपण वर्षानुवर्षं ग्रीनकार्डच्या रांगेत, टॅक्स भरून. आणि हे रांग मोडून आलेले, त्यांच्या पोरांना फुकट?" हा राग मला परका नाही. आमचीही रांग आहेच, आणि ती कधी संपेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण फुकट म्हणाल तर टेक्ससला स्वतःचा इन्कम टॅक्सच नाही. शाळा चालतात मुख्यतः राज्याच्या पैशावर आणि घरावरच्या प्रॉपर्टी टॅक्सवर, केंद्राचा वाटा लहान. भाडेकरू तो टॅक्स भाड्यातून भरतो, मग तो आम्ही असू नाहीतर त्या बाईंची बहीण. दुकानातला ८.२५ टक्के सेल्स टॅक्स लावताना कोणी पासपोर्ट बघत नाही.

खर्चाचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. एखाद्या डिस्ट्रिक्टमध्ये एकाच वर्षात इंग्रजी न येणारी शेकडो मुलं आली की शिक्षक आणायचे कुठून? टेक्ससचे गव्हर्नर ॲबट यांनी २०२२ मध्ये हा निकाल पुन्हा आव्हानाला घेण्याची भाषा केली ती याच खर्चावर बोट ठेवून.

आणि एक गोष्ट मलाही सलते. माझ्या नणंदेला तिच्या मुलाला इथे आमच्याकडे ठेवून हायस्कूल करायचं होतं, रीतसर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर. १९९६ च्या कायद्याने एफ-१ वरचं मूल सरकारी प्राथमिक किंवा मिडल स्कूलमध्ये जाऊच शकत नाही. हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त १२ महिने, तेही शाळेचा पूर्ण खर्च आधी भरून. म्हणजे दार ठोठावून येणाऱ्याला बिल, आणि ज्याने ठोठावलं नाही त्याला विचारणा नाही. नणंदबाईंना हे फोनवर समजावताना माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही त्यातलं अर्धंच आहे: तिचा मुलगा परत जाऊन शिकू शकतो, काउंटरवरच्या त्या मुलींची शाळा असली तर इथेच.

तरीही 'व्हिसा विचारू नये' या बाजूला मी पक्की झाले ती आमच्याच घरावर आलं तेव्हा. नवऱ्याची नोकरी गेली. एच-१बी वाल्याला त्यानंतर ६० दिवस मिळतात. नव्या कंपनीने मुदतीत अर्ज केला, आमचे एच-४ चे अर्जही गेले, पण मंजुरी येईना आणि मधल्या काळात आय-९४ ची तारीख उलटून गेली. अर्ज वेळेत केलेला असल्यामुळे राहायला हरकत नव्हती, पण दाखवायला हातात फक्त पावती. नेमका ऑगस्ट आला, वार्षिक नोंदणी आली. त्या काउंटरवर व्हिसा बघत असते तर? पावती म्हणजे मंजुरी नव्हे, पण पावती म्हणजे बेकायदाही नव्हे, हे आमच्या वकिलाने आम्हाला तासाचे पैसे लावून शिकवलं. ते मी शाळेच्या क्लार्कला, मागे रांग खोळंबलेली असताना, काय शिकवणार होते? त्यांनी लाइट बिल मागितलं, मी दिलं, लेकाला वर्ग मिळाला. ग्रुपवर 'कागद तपासा' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी या क्षणी कुठली ना कुठली पावती पडून असेल. तपासणी सुरू झाली तर शंकेखोर क्लार्कच्या हाती पहिली सापडतील ती आपली अर्धवट कागदांची मुलं. ज्यांच्याकडे काहीच नाही ती मुळात काउंटरपर्यंत येणारच नाहीत.

हे काल्पनिक नाही. अलाबामाने २०११ मध्ये शाळांना मुलांची इमिग्रेशन स्थिती नोंदवायला लावली, आणि कोर्टाने कायद्याचा तो भाग तात्पुरता चालू ठेवल्यानंतरच्या सोमवारी दोन हजारांहून जास्त हिस्पॅनिक मुलं गैरहजर होती. त्यांत इथेच जन्मलेली, अमेरिकन नागरिक असलेलीही होती. पुढे ते कलम कोर्टाने अडवलं. २०२५ मध्ये ओक्लाहोमाच्या शिक्षण मंडळाने नागरिकत्वाचे पुरावे मागायचा नियम मंजूर केला, तो तिथल्या विधिमंडळाने लागू होऊ दिला नाही. त्याच वर्षी टेनेसीच्या सिनेटने अशा मुलांना फी लावायची किंवा प्रवेश नाकारायची मुभा देणारं विधेयक मंजूर केलं, पण दुसऱ्या सभागृहात ते अडलं. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने शाळांच्या आवारात इमिग्रेशनच्या कारवाईला आवर घालणारं धोरणही काढून टाकलं. टेक्ससमध्ये शाळेचा निधी पटावर नाही, सरासरी हजेरीवर मिळतो. भीतीने मूल घरी बसलं की पैसे कमी होतात ते सगळ्या शाळेचे, त्यात तुमचंही मूल आलं.

आता ईएसएलबद्दल (घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांसाठीच्या इंग्रजीच्या वर्गाबद्दल), कारण त्यावरून सगळ्यात जास्त फोन येतात. प्रवेशाच्या वेळी एक फॉर्म देतात: घरी कोणती भाषा बोलता, मूल कोणती भाषा बोलतं. दुसरी भाषा लिहिली की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. आपल्यातले बरेच जण तिथे बिनधास्त 'इंग्लिश' लिहितात, पोराला 'त्या' वर्गात टाकू नये म्हणून, आणि घरी आल्यावर त्याला "जेवायला ये रे" म्हणून मराठीत हाक मारतात. ईएसएलमधल्या प्रत्येक मुलामागे राज्य शाळेला मूळ निधीच्या दहा टक्के जादा देतं, म्हणजे २०२५ पर्यंतचे ६,१६० डॉलर धरले तर ६१६. हेच लोक नंतर ग्रुपवर विचारतात की ईएसएलचा पैसा फक्त स्पॅनिश मुलांनाच का.

मी 'मराठी' लिहिलं. लेक चाचणीत नापास झाला, कारण प्रश्न विचारणाऱ्याचा टेक्सन उच्चार त्याच्या डोक्यावरून गेला. ईएसएलच्या शिक्षिका अप्रतिम निघाल्या. वर्गातल्या भिंतीवर प्रत्येक मुलाच्या भाषेत 'दरवाजा', 'पाणी', 'मदत' लिहून लावलं होतं, आणि मराठीचा कागद त्यांनी लेकाकडूनच लिहून घेतला होता, 'पाणी'चा 'णी' ऱ्हस्व काढलेला. पाच तारे.

शाळेच्या बसला तीनच. ॲपवर वेळ ७:१२ ची दाखवते आणि ७:०८ ला निघून जाते. तक्रार केली तर सांगतात, पाच मिनिटं आधी येऊन थांबा.