पर्यटन पदवीतील इव्हेंट मॅनेजमेंट : खान्देशातील एका विद्यार्थिनीचा अभिप्राय

आमच्या घरी मंडपाचा व्यवसाय आहे. बांबू, कनाती आणि ताडपत्र्यांच्या सान्निध्यातच मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे खान्देशातील एका महाविद्यालयात पर्यटन पदवीच्या दुसऱ्या वर्षी इव्हेंट मॅनेजमेंट हा विषय निवडला, तेव्हा घरच्यांनी विचारले की, जे काम आपण रोज करतो ते वर्गात बसून काय शिकायचे? पदवी हाती आल्यावर या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकते. विषय अवश्य घ्यावा. मात्र तो शिकवताना आपल्या भागाकडे पाहिलेच जात नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

हा विषय पर्यटनाच्या पदवीत का असावा, हे जळगावच्या रेल्वे स्थानकावर उभे राहिले तरी कळते. अजिंठ्याची लेणी येथून सुमारे ६० किलोमीटरवर आहेत. बाहेरगावचा प्रवासी सकाळी उतरतो, लेणी पाहतो आणि संध्याकाळच्या गाडीने निघून जातो. तो एक रात्र थांबला तर लॉजवाला, रिक्षावाला, भरीत-भाकरी करणारी बाई अशा सगळ्यांच्या हाती चार पैसे पडतात, आणि त्याला थांबवायचे तर महोत्सव, प्रदर्शन, परिषद असे काहीतरी ठरलेल्या तारखेला व्हावे लागते. ही मांडणी आमच्या प्राध्यापकांनी पहिल्याच आठवड्यात फार चांगली केली.

अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचा भाग मात्र परवानग्या आणि गर्दी यांचा आहे. घरच्या धंद्यात परवानगी म्हणजे आयोजकाची डोकेदुखी, असेच मी समजत होते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि ठरावीक सणांसाठी मध्यरात्रीपर्यंत मिळणारी सवलत वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवसांचीच असते, हे मी प्रथम वर्गात वाचले. गर्दीसाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची २०१४ ची मार्गदर्शिका लावलेली होती. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे झाली की धोका झपाट्याने वाढतो, हे वाक्य पाठ करणे सोपे आहे. पण सरांनी वर्गाच्या फरशीवर खडूने एक मीटरचा चौकोन आखून त्यात आम्हां सहा जणींना उभे केले, तेव्हा खिशातला मोबाइल काढायलाही हात वर येईना. त्याच तासाला २५ जानेवारी २००५ च्या मांढरदेवी दुर्घटनेचा अभ्यास झाला. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि जवळपास तीनशे मृत्यू. वर्गात कोणी बोलले नाही. त्या दिवसापासून मी मंडप पाहते तेव्हा आधी बाहेर पडण्याच्या वाटा मोजते.

प्रात्यक्षिक म्हणून २७ सप्टेंबरच्या जागतिक पर्यटन दिनाला आम्ही खान्देशी खाद्यमेळावा भरवला. जोखमीचा तक्ता माझ्याकडे होता. 'पाऊस' या रकान्यासमोर मी 'ताडपत्री' असे लिहिले होते आणि ताडपत्री व्यासपीठावर नीट बांधलीही होती. दुपारी पावसाची सर आली. शेवभाजीच्या स्टॉलमागे जनरेटरची केबल ओल्या गवतातून गेलेली होती, आणि तिचा जोड नुसत्या काळ्या टेपने गुंडाळून डबक्याच्या काठावर पडलेला होता. एका वर्गमैत्रिणीच्या तो लक्षात आला. आम्ही जनरेटर बंद केला, जोड काढून वायरमनकडून नवी अखंड केबल बांबूंवरून घेतली आणि कार्यक्रम वीस मिनिटे थांबला. पाहुणे थोडे नाराज झाले. माझ्या तक्त्यात पाऊस होता, वीज होती, पण दोन्ही वेगवेगळ्या ओळींत होते. ती एकत्र आली तर काय, हे मी लिहिलेच नव्हते. एवढे एक शिकण्यासाठीसुद्धा हा विषय घ्यावा असे मी मनापासून म्हणेन.

आता उणिवेकडे येते. पाठ्यपुस्तकातील उदाहरणे पंचतारांकित हॉटेलांतील परिषदांची आणि महानगरांतील लग्नांची आहेत. जळगावचा श्रीराम रथोत्सव १८७२ पासून प्रबोधिनी एकादशीला निघतो. अरुंद गल्लीबोळांतून तो अवाढव्य रथ नेताना चाकांखाली लाकडी मोगरी लावून त्याला आवरणारी आणि वळवणारी माणसे असतात; क्षणभर उशीर झाला तर काय होईल हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असते. नियंत्रण या प्रकरणासाठी याहून चांगला धडा कुठे मिळणार? सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो आणि त्याला चेतक फेस्टिव्हलची जोड मिळाली आहे. जुन्या यात्रेवर नवा महोत्सव बेतताना चारा, पाणी, पशुवैद्य आणि तंबूंतील पर्यटक यांची सांगड कशी घालतात, हे आम्हांला प्रत्यक्ष दाखवायला हवे होते. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून ते नगर सजवले. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. तालुक्याच्या गावात एवढ्या लोकांची राहण्या-जेवणाची सोय लावणे हा पर्यटनाच्या विद्यार्थ्याचा थेट विषय आहे. यांपैकी एकाचाही उल्लेख आमच्या टिपणांत नव्हता.

कार्यानुभवाबद्दलही समाधान नाही. आम्हांला एका समारंभाला पाठवले गेले आणि दोन दिवस नोंदणीच्या टेबलावर बसून बिल्ले वाटायला लावले. आयोजकांचे अंदाजपत्रक, पुरवठादारांचे करार, कार्यक्रमाचे मिनिटागणिक वेळापत्रक यांपैकी एकही कागद आम्हांला पाहायला मिळाला नाही, तरी प्रमाणपत्रावर 'व्यवस्थापनाचा अनुभव' असे छापून आले. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी विभागाला एवढे विचारावेच की, कार्यानुभवात हिशेबाची वही हाताळायला मिळते की नाही. नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे आणि खान्देशातून तेथे जाणारी बरीच गर्दी भुसावळ-मनमाड रेल्वेमार्गाने जाईल; तेथे बिल्ले वाटण्यापुरते शिक्षण पुरणार नाही.

समारोपाचा अहवाल ही अभ्यासक्रमातील शेवटची पायरी. आमच्या आधीच्या तुकडीचा अहवाल कपाटात कुलूपबंद होता, तो मागूनही मिळाला नाही. म्हणून आमच्या खाद्यमेळाव्याच्या अहवालाची एक प्रत, त्या ओल्या जोडाच्या छायाचित्रासह, मी पुढच्या तुकडीच्या हाती दिली. त्यांनी जोखमीच्या तक्त्यात 'पाऊस आणि वीज' अशी स्वतंत्र ओळ घातली असल्याचे मागच्या महिन्यात कळले.