अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस : शिमगा ते चतुर्थी, वापरून पाहिल्यावर

‘थंय पैसे किती घेतत रे?’ मी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, मीटिंगला जातो हे कळल्यापासून वाडीतला कोणीही भेटला की पहिला प्रश्न हाच. तब्येत नंतर. उत्तर : काही नाही. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्डाची झेरॉक्स नाही. शिमग्याच्या सुमारास जायला लागलो, आता चतुर्थी तोंडावर आलीय, त्यामुळे बरंवाईट दोन्ही सांगता येईल. अमेरिकेत १९३५ साली सुरुवात, बारा पायऱ्या वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, ते परत लिहीत नाही. आमचा ग्रुप कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातला, याहून जास्त पत्ता सांगणार नाही.

ग्रुप सापडायलाच वेळ लागला. बाहेर बोर्ड नसतो. शेवटी डॉक्टरांनी एका मेंबरचा नंबर दिला. तो गृहस्थ स्वतःचं पेट्रोल जाळून घरी आला, उपदेश एक शब्द नाही, आपलीच गोष्ट सांगून चहा पिऊन गेला. डॉक्टर मात्र आधी. रोज पिणाऱ्याने झटक्यात बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येणं, भास होणं, जिवावर बेतणं, काहीही होऊ शकतं. मला गोळ्या आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घ्यावी लागली. मीटिंग म्हणजे औषध नव्हे, हे ग्रुपवालेही सांगतात. भरती व्हायची गरज असेल तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. कुठे जावं हेच कळत नसेल तर सरकारची १४४४६ ही नशामुक्तीची हेल्पलाइन आहे.

आता पंखा.

मी वायरमन. मे महिन्यात, भरल्या खोलीत, डोक्यावरचा एकुलता पंखा असा फिरत होता की पाती मोजता यावीत. लोक काळीज उघडं करून बोलतायत आणि माझं लक्ष त्या पात्यांकडे. निवडणुकीला उभं राहण्याच्या तयारीतले एक जण दोन नवे पंखे द्यायला निघाले होते म्हणे. नको सांगितलं. का, तर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या नियमांतली सातवी परंपरा : ग्रुपने आपला खर्च आपणच भागवायचा, बाहेरची देणगी घ्यायची नाही. खोलीचं भाडंसुद्धा मीटिंगच्या शेवटी फिरणाऱ्या पिशवीतून जातं. ठीक. मग मी म्हटलं, मी तर मेंबर आहे, माझ्याकडे पेटीबंद पंखा पडलाय, लावतो. तेही नको! एक जुने मेंबर म्हणाले, ‘उद्या रागावलंस तर पंखो काढून नेतलंस.’ फुकटचा पंखा नाकारणारी माणसं मी तरी आयुष्यात पाहिली नव्हती. पुढच्या मीटिंगांना मी मुद्दाम खिडकीशी बसायचो, तोंड वाकडं करून.

मत बदललं ते आमच्या देवळात. वर पाहिलं तर प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर लाल रंगात देणाऱ्याचं नाव, गाव आणि ‘यांजकडून’. फिरताना वाचता येत नाही म्हणून आमचे एक भाऊबंद आरती झाली की बटण बंद करतात. मीटिंगच्या खोलीत कोणी आडनावसुद्धा विचारत नाही. तिथे पंखा माझा असता तर मी वर बघत बसलो असतो आणि बाकीचे माझ्याकडे.

तरी पंखा हळू फिरायचा तो फिरायचाच. कॅपॅसिटर उतरलेला होता, अडीच मायक्रोफॅरडचा, किरकोळ किमतीचा. पिशवीतून पैसे घेऊन आणला आणि बसवला. मजुरी लावली नाही. खुर्च्या मांडणं, चहा करणं यासारखी ती सेवा धरतात, तेवढं चालतं. आता वारा येतो, पण बेअरिंग कुरकुरतं.

बाकी तक्रारी आहेत. मीटिंग संपते त्याआधी आमच्या गावची शेवटची एसटी सुटते, मग स्पेशल रिक्षा. पावसात पत्र्यावर इतका आवाज की मागच्या रांगेला शेअरिंग ऐकू येत नाही. एक काका दर वेळी तीच गोष्ट सांगतात : हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, हंगामात बांद्यापलीकडे गोव्यात गेले आणि स्कूटर कुठे ठेवली ते आजतागायत आठवत नाही. पाठ झालीय. पण यंदा काजूच्या दिवसांत पलीकडून कामाचं बोलावणं आलं तेव्हा ती स्कूटरच आठवली आणि काम दुसऱ्याला दिलं.

आणखी एक उपयोग : राखणीला, म्हणजे गावच्या राखणदार देवाला मान देतात तेव्हा, देवाला दारूचा मान असतो, नंतर ती प्रसाद म्हणून फिरते. तिथे काय करायचं हे कुठला समुपदेशक सांगेल? जुन्या मेंबरने सांगितलं, नारळाला हात लावायचा, पाया पडायचं, ग्लास पुढे द्यायचा. देव रागावत नाही, गाववाले रागावतात, तेही पुढल्या राखणीपर्यंत विसरतात.

घरच्यांसाठी अल-अॅनन हा वेगळा ग्रुप १९५१ पासून आहे, पण आमच्या जवळपास नाही. ही मोठी उणीव. ज्यांनी सोसलं त्यांनी बोलायचं कुठे? मागे ओपन मीटिंग, म्हणजे मेंबर नसलेल्यांनाही येता येतं अशी, होती तेव्हा बायकोला नेलं. ती माझ्याहून जास्त वेळ बोलली आणि मी बेअरिंगची कुरकुर ऐकत मान खाली घालून बसलो. पिशवी आली तशी तिने पन्नासची नोट काढली. पिशवीवाल्याने हात जोडले : ‘वहिनी, तुमचे नको, तुम्ही मेंबर नाही.’ तिने नोट परत कनवटीला लावली. रिक्षाला त्यात आणखी शंभर घालावे लागले.