हवामान-स्थलांतराचं ऑनलाइन प्रशिक्षण: सगळं आहे, गोठ्याचा रकाना नाही

हवामान बदलामुळे होणाऱ्या स्थलांतरावरचा एक ऑनलाइन कोर्स मी केला, त्यातल्या एका फॉर्मबद्दल तक्रार केली, आणि मागच्या आठवड्यात त्यांच्या सपोर्टचं उत्तर आलं. 'आपली सूचना नोंदवून घेतली आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे.' म्हणून हा अनुभव आता लिहिते आहे, नाहीतर अजून थोडे दिवस वापरून मग लिहिणार होते. मॉड्यूल किती, शिकवणारे कोण, सर्टिफिकेट कसं मिळतं हे त्यांच्या पानावर आहेच, ते परत सांगत नाही. मी कोल्हापुरात राहते आणि शिरोळ तालुक्यातल्या पूरबाधित गावांत एका छोट्या गटाबरोबर काम करते. फी साडेचार हजार, स्वतःच्या खिशातून भरली. त्यामुळे पैसे वसूल झाले का, हा प्रश्न माझ्यासाठी खरा आहे.

आधी तक्रार. शेवटच्या प्रकल्पासाठी ॲपमध्येच एक कुटुंब-नोंदीचा फॉर्म आहे. घरात माणसं किती, वयं काय, अपंग कोणी आहे का, घर कच्चं की पक्कं, कुठे हललात, किती दिवस राहिलात, कागदपत्रं वाचली का, पिकाचं नुकसान किती. प्रश्न चांगले आहेत, विचार करून काढलेत. पण जनावरांबद्दल एकही प्रश्न नाही. आपल्याला रकाना वाढवता येत नाही, आणि कागदावर लिहून पाठवलेलं प्रकल्पात धरत नाहीत.

तुम्ही म्हणाल, एका रकान्यासाठी एवढं काय. नदीकाठच्या एका गावात गोठ्याच्या कट्ट्यावर बसून मी हा फॉर्म भरत होते. समोर दूध घालणारा शेतकरी, मागे चार म्हशी. २०१९ च्या महापुरात बायको, पोरं आणि आई जयसिंगपूरला पाहुण्यांकडे गेली. हा म्हशी घेऊन माळावर गेला आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच राहिला, ताडपत्रीखाली. फॉर्मचा प्रश्न होता: कुटुंब एकत्र राहिलं का? मी 'नाही' दाबलं तर खाली कारणांची यादी उघडली. आजारपण, जागा अपुरी, नोकरी, कौटुंबिक वाद. एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. मी त्यांना विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, "ताई, मानूस कुठंबी झोपतंय. म्हसरं कुठं बांधायची ते आधी सांगा, मग आमी हलतो."

आपल्याकडच्या विस्थापनाचा सगळा हिशोब या एका वाक्यात आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, पण हे आकडे माणसांच्या हिशोबाचे. बोट माणसाला शेवटच्या घटकेलाही बाहेर काढते, म्हशीला काढत नाही. म्हैस स्वतःच्या पायांनी, रस्ता कोरडा असेतोवरच निघू शकते. म्हणजे गोठा असलेल्या घराला निर्णय बराच आधी घ्यावा लागतो, आणि तेव्हा कोणी सांगत नाही की पाणी येणारच. आधी निघालं आणि पाणी आलंच नाही, तर वैरणीचा खर्च अंगावर. उशीर झाला तर जनावरं पाण्यात उभी, खुरं सडतात, कासेला दगडी (सूज) होते, दूध आटतं. घरखर्च दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर चालत असेल तर ते घर पुराच्या दिवसांत उपाशी राहत नाही, पण पुढचे कित्येक महिने मागे पडतं. पंचनाम्यात मेलेलं जनावर मोजलं जातं. आटलेलं दूध मोजायची सोय नाही, आणि म्हशींपायी मागे राहिलेला माणूस तर कुठेच दिसत नाही.

मला सर्वांत जास्त राग याचा आला की यांच्याच तिसऱ्या मॉड्यूलमध्ये देशांतर्गत विस्थापनाबाबतची संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं शिकवली आहेत, आणि तीही छान. त्यातलं नववं तत्त्व सांगतं की शेतकरी, पशुपालक आणि जमिनीवर विशेष अवलंबून असलेल्या लोकांना विस्थापनापासून वाचवण्याची खास जबाबदारी सरकारवर आहे. पशुपालक हा शब्द व्हिडिओत येतो, मग फॉर्म तयार करताना कुठे जातो? मी हे तत्त्वाच्या क्रमांकासकट लिहून पाठवलं. आधी उत्तर आलं की फॉर्म सगळ्या देशांसाठी एकच आहे. मग मधल्या एका अपडेटमध्ये 'इतर मालमत्ता' असा मोकळा चौकोन आला. त्यात म्हशींची संख्या लिहिता येते, हे मान्य. पण प्रश्न मालमत्तेचा नाहीच. त्या मालमत्तेपायी घर कसं दोन ठिकाणी फुटतं, हा आहे. कारणांची यादी अजून तीच.

आता बाकीच्या कोर्सबद्दल, कारण इथे माझं मत मधे बदललं आहे. पहिले काही आठवडे वाटत होतं की हे सगळं समुद्रातल्या बेटांचं चाललंय, आमच्या काय कामाचं. किरिबाती या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशातल्या इओआने टेटिओटा यांनी, समुद्र चढतोय म्हणून, न्यूझीलंडकडे आश्रय मागितला, मिळाला नाही, २०१५ मध्ये त्यांना परत पाठवलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीचा निर्णय २०२० च्या जानेवारीत जाहीर झाला. दावा फेटाळला, पण हवामान बदलामुळे जिवाला खरा धोका असेल तर माणसाला परत पाठवता येणार नाही, अशी वाट त्यात मोकळी ठेवली. तुवालू आणि ऑस्ट्रेलियाचा २०२३ चा करारही शिकवला, वर्षाला २८० जणांना तिकडे जायची सोय असलेला. ऐकताना मन लागत नव्हतं. १९५१ च्या निर्वासित करारात हवामानाचा उल्लेख नाही, आणि आपला माणूस तर तालुक्याची हद्दसुद्धा ओलांडत नाही.

मग नियोजित पुनर्वसनाचं मॉड्यूल आलं आणि मी ते दोनदा ऐकलं. शिकवणाऱ्या बाईंनी सरळ विचारलं: नवं घर दिलं, पण जुन्या घराशी बांधलेलं काम तिथे नेता येतं का? आपल्याकडे करवीर तालुक्यातली चिखली घ्या. १९८९ च्या महापुरानंतर लोकांना उंचावरच्या सोनतळीला जागा दिल्या. तरी २००५, २०१९, २०२१, दर वेळी गाव रिकामं करायची वेळ आलीच. शहरात बसून लोक म्हणतात, जागा दिलीय तर जात का नाहीत. शेत खाली, मोटर खाली, गोठा खाली. सोनतळीच्या प्लॉटवर घर मावतं, चार म्हशी आणि वर्षाची वैरण कुठे मावणार? हे मला आधीही माहीत होतं, पण त्याकडे हट्ट म्हणून न बघता हक्काचा प्रश्न म्हणून मांडायची पद्धत या मॉड्यूलने दिली. धरणग्रस्तांसाठी आपल्या राज्यात पुनर्वसनाचा कायदा आहे, लढून मिळवलेला. पूरग्रस्ताच्या हाती सानुग्रह अनुदान पडतं. २०१९ ला ग्रामीण भागात दहा हजार, शहरात पंधरा हजार. हा फरक मला इतका स्पष्ट कधी दिसला नव्हता.

हळूहळू येणाऱ्या संकटांचं मॉड्यूलही उत्तम. त्यात जागतिक बँकेचा २०२१ चा अंदाज आहे: २०५० पर्यंत २१.६ कोटी लोक आपापल्या देशातच हलतील, आणि वेळीच पावलं उचलली तर हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. उदाहरणं आफ्रिकेतली होती. मी असाइनमेंटमध्ये ऊसतोड कामगार घातले. बीडकडची कोरडवाहू शेती, मुकादमाची उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यात येऊन पडणाऱ्या पालांच्या वस्त्या. कोल्हापूरला आपण फक्त पुराने उठणारा जिल्हा समजतो. दुष्काळाने उठलेली माणसं आपल्याच फडात राबतात. त्यांच्यातले गाडीवाले बैल घेऊन येतात, घरी म्हातारी आणि शाळेतली पोरं मागे राहतात. म्हणजे घर तिथेही फुटतंच. मार्गदर्शकांनी या असाइनमेंटवर पानभर शेरे लिहिले, उचलीच्या कर्जावर नेमके प्रश्न विचारले. फीमधले अर्धे पैसे तिथेच वसूल झाले असं मी समजते.

कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचा विषय मी चर्चेच्या तासाला काढला होता. ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर उंची, २०१० चा लवादाचा निवाडा, फुगवट्याने पूर वाढेल ही आपल्याकडची भीती. देशादेशांतल्या नुकसानभरपाईवर कोर्स भरभरून बोलतो, एकाच नदीवरच्या दोन राज्यांबद्दल काही नाही. तास संपला, विषय राहिला.

ॲप ठीक आहे, गावात रेंज गेली तरी भरलेला फॉर्म जपून ठेवतं. व्हिडिओ मात्र डाउनलोड होत नाहीत, आणि सहा महिन्यांनी सगळं बंद. मी जानेवारीत सुरू केलं, म्हणजे ऐन जुलैत, पंचगंगा पात्राबाहेर पडायच्या दिवसांत, पुनर्वसनाचं मॉड्यूल परत बघायचं तर मुदतवाढीचे वेगळे पैसे. ते मी भरले नाहीत, भरणारही नाही. घ्यायचंच असेल तर मार्चनंतर घ्या, पावसाळा हातात राहतो. आणि गटाने घ्या. सवलत त्यांच्या पानावर लिहिलेली नाही, विचारल्यावर देतात.

आमच्या गटाने आता स्वतःचा कागदी फॉर्म केलाय. त्यात पहिला प्रश्न दावणीला जनावरं किती, दुसरा त्यांना कुठे न्यायचं ठरलंय, तिसरा त्यांच्याबरोबर कोण राहणार, आणि चौथा त्या माणसाला जेवण कोण पोचवणार. माणसांची नावं त्यानंतर. एक प्रत सपोर्टला नवी तक्रार म्हणून पाठवली आहे. कारणांची यादी बदलली तर हा अनुभव मी इथेच सुधारीन आणि चौथा तारा देईन. सध्या तीन.