गुडघ्यातला इम्प्लांट धुऊन ठेवायचा की काढायचा?

पंचवटीतल्या माझ्या मावशीचा गुडघा बदलून अठरा दिवस झाले, तरी जखमेतून पाणी यायचं थांबेना. इम्प्लांटला, म्हणजे आत बसवलेल्या कृत्रिम सांध्याला, जंतुसंसर्ग झाल्याचा संशय आला. घरात दोन तट पडले. मामा म्हणाले, "आत्ताच बसवलाय, काढायचा कशाला?" मावसभाऊ म्हणाला, "काढून टाका, पुन्हा कटकट नको." मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

पावसाळा सरला की गोदाघाटाच्या पायऱ्यांवर बुळबुळीत थर धरतो. वरून पाणी ओतून तो निघत नाही, खरवडावा लागतो. इम्प्लांटवर असाच थर धरतो, तो बायोफिल्म. धातू शरीरात गेल्या गेल्या त्याच्यावर रक्तातली प्रथिनं बसतात आणि स्टॅफिलोकॉकससारखे जंतू त्या प्रथिनांना धरून चिकटतात. मग ते वाढतात आणि स्वतःभोवती शर्करेच्या साखळ्या, प्रथिनं, डीएनए यांचं चिकट आवरण तयार करतात. आतले कित्येक जंतू जवळजवळ निपचित असतात आणि बहुतेक अँटिबायोटिकं तर वाढत्या जंतूंवरच नीट चालतात. मोकळ्या जंतूंना पुरणाऱ्या औषधाच्या शेकडो पट मात्रेलाही हा थर दाद देत नाही. म्हणून नुसत्या गोळ्यांवर भागवायचा विचार सोडा. ताप उतरेल, थर राहील.

उरल्या दोन वाटा. पहिलीत सांधा उघडून खराब झालेला भाग काढतात, भरपूर सलाईनने धुतात, मधलं प्लास्टिकचं लायनर बदलतात. हाडाला बसवलेला धातू तसाच राहतो. मग सहसा तीन महिने औषधं. जंतू स्टॅफिलोकॉकस असेल तर त्यात बहुधा रिफाम्पिसिन असतं, कारण ते या थरातल्या जंतूंवरही चालतं. मात्र एकटं दिलं तर जंतू त्याला लवकर सरावतात, म्हणून जोडीला दुसरं औषध लागतंच. लघवी केशरी होते, घाबरू नका.

दुसरीत इम्प्लांट पूर्ण काढतात, जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे तात्पुरता ठोकळा, घालतात, साधारण सहा आठवडे औषधं देतात आणि संसर्ग गेल्यासारखा दिसला की नवा गुडघा बसवतात. म्हणजे दोन मोठी ऑपरेशनं, मध्ये काही महिने वॉकर, हाडाची थोडी झीज. जिने चढायच्या जुन्या वाड्यात हे फार जड जातं. पण जुना थर धातूसकट बाहेर जातो.

माझ्या मते निवड थराच्या वयावर करावी. ऑपरेशनला चारेक आठवडे झाले नसतील, किंवा चांगल्या चाललेल्या गुडघ्यात त्रास अचानक सुरू होऊन तीन आठवड्यांच्या आत असाल, इम्प्लांट घट्ट असेल आणि जंतूवर औषध लागू पडत असेल, तर धुऊन ठेवणं रास्त. महिनोन् महिने दुखतंय, इम्प्लांट हललाय किंवा कातडीला पू वाहणारं छिद्र पडलंय, तर धुण्यात वेळ घालवू नका.

एक गोष्ट मला अजून सलते. मावशीला एका डॉक्टरांनी सांध्यातलं पाणी तपासायच्या आधीच अँटिबायोटिक सुरू केलं होतं, आणि पहिल्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काहीच उगवलं नाही. पेशंटची तब्येत गंभीर नसेल तर आधी नमुना, मग औषध, असा आग्रह धरा. ऑपरेशनच्या वेळीही वेगवेगळ्या जागचे पाच-सहा तुकडे कल्चरला पाठवणार का, हे सर्जनना विचारा.

मावशीचा गुडघा विसाव्या दिवशी धुतला. ऑपरेशनमध्ये घेतलेल्या तुकड्यांत जंतू सापडला, त्यावरून औषध ठरलं. आता सातवा आठवडा आहे, जखम कोरडी आहे, गोळ्या चालू आहेत.